डोंगराच्या पोटातला साप



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी या गावच्या शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. त्यांचा एक पाठ त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना अजून आठवतो. पावसाळा सरत आला की ते वर्गाला शाळेमागच्या परसात न्यायचे. हातभर लांब, हातभर रुंद चौकोन आखायचे आणि वीतभर खोल माती हलक्या हाताने उकरायला सांगायचे. जे निघेल ते वहीत मांडायचं. गांडूळ, गोम, वाणी, वाळवी, हुमणीची अळी, बुरशीचे पांढरे धागे, बारीक मुळं. पुस्तकातल्या वाघ-सिंहांपेक्षा हा पाठ मुलांना जास्त रमवायचा, कारण पायाखाली इतकं काही चाललेलं असतं याचा पत्ताच कुणाला नसायचा.

त्या पाठाला धरून बोलावं म्हणून मी आज एका सापाचा विषय घेतला आहे. हा साप जन्मभर मातीत राहतो. तो आपल्या देशातला नाही. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य भागात सबरगमुवा नावाचा प्रांत आहे. पाऊस भरपूर, जंगल दाट, रत्नपुरासारखी गावं नीलम आणि माणकांसाठी प्रसिद्ध. त्या दमट पट्ट्यातल्या मातीत हा साप राहतो. शास्त्रीय नाव रायनोफिस सॅफ्रागॅमस. सबरगमुवाचं जुनं युरोपीय रूप 'सफ्रागम', त्यावरून हे नाव आलं. सिंहली माणसं त्याला 'महा बिम उल्ला' म्हणतात. मराठीत या कुळातल्या सापांना खापरखवल्या हे नाव आहे आणि ते नाव इतकं नेमकं आहे की श्रीलंकेतल्या भाऊबंदांनाही मी तेच वापरणार आहे. हा त्यांच्यातला थोराड खापरखवल्या. थोराड म्हणजे किती? सुमारे अर्धा मीटर. या कुळात एवढी लांबी पुष्कळ झाली.

नागासारखा फणा नाही, अजगरासारखी ताकद नाही, विषाचा थेंब नाही. चावायचा म्हटला तरी तोंड इतकं लहान की माणसाच्या बोटाला काही होत नाही. मग अशा सापावर तासभर बोलण्यासारखं काय आहे, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझं सांगणं एवढंच आहे, की हा प्राणी आणि त्याची माती वेगळी काढता येत नाही. त्याच्या अंगाचा प्रत्येक भाग मातीने घडवला आहे, त्याच्या वंशाचा इतिहास मातीने ठरवला आहे आणि त्याचं पुढचं भवितव्यही मातीवरच आहे. ते कसं, हे जरा सविस्तर पाहू.

आधी अंगाकडे बघू. नाकाड निमुळतं आणि टोकदार, पुढचं खवलं कठीण. डोळा आहे, पण तो वेगळा उघडा नाही. डोक्यावरच्या एका पारदर्शक खवल्याच्या आत ठिपक्याएवढा दिसतो. कवटीची हाडं एकमेकांत घट्ट बसलेली. इतर बहुतेक सापांचे जबडे मोठं भक्ष्य गिळताना सैल होतात. याला ती सोय नाही, गरजही नाही, कारण त्याचं मुख्य अन्न गांडुळं. मात्र मान आणि कवटी यांच्यामधला सांधा असा आहे की डोकं बऱ्याच बाजूंना जोराने वळवता येतं. माती फोडायचं हत्यार म्हणजे हे डोकंच.

पण डोकं पुढे रेटायला पाठीमागून टेकू लागतो. मोकळ्या जमिनीवर साप दगडांचा, गवताच्या बुडख्यांचा आधार घेतो. जमिनीच्या आत, स्वतःच्या अंगाएवढ्याच भोकात, तो आधार कुठून आणायचा? या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्या माणसाचं नाव कार्ल गॅन्स. जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत काम केलेला हा शास्त्रज्ञ सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हालचालींचा मोठा अभ्यासक होता. दक्षिण भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या खापरखवल्यांवर त्याने १९७०च्या दशकात लक्ष केंद्रित केलं आणि त्याने दाखवलेली गोष्ट विलक्षण आहे.

खापरखवल्या बीळ खणताना त्याची कातडी बाहेरून सरळ दिसते. पण कातडीच्या आत, शरीराच्या पुढच्या भागात, पाठीचा कणा नागमोडी वळतो. कणा वळला की तेवढा भाग जाडजूड होतो आणि बिळाच्या भिंतींना चारही बाजूंनी दाबून बसतो. झाला टेकू तयार. मग कण्याची पुढची वळणं सरळ होतात आणि टोकदार डोकं मातीत पुढे घुसतं. डोकं पुढे गेलं की पुन्हा वळण, पुन्हा फुगवटा, पुन्हा रेटा. फुगवट्याने बिळाची भिंत दाबली जाते, म्हणून भोकही थोडं रुंद होतं आणि मागचं अंग सहज ओढून घेता येतं. कातडी आणि कणा यांनी एकमेकांपासून इतकं सुटं वागणं सापांच्या जगात फार दुर्मीळ आहे.

आता हे काम करणारे स्नायू बघा. शरीराच्या पुढच्या भागातले स्नायू गडद तांबडे असतात. त्यांत प्राणवायू साठवणारं प्रथिन भरपूर, पेशींना ऊर्जा पुरवणारे कण भरपूर. म्हणजे न थकता बराच वेळ राबणारे स्नायू. मागच्या भागातले स्नायू फिकट, जवळजवळ पांढरे. ते जेमतेम अंग पुढे सरकवण्यापुरते. गॅन्सने हर्बर्ट डेसॉअर आणि बाल्डविन यांच्यासोबत १९७८मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा अभ्यास छापला आणि त्याच्या शीर्षकातच मालगाडीची उपमा दिली: पुढे इंजिन, मागे नुसते डबे. ही उपमा मला इतकी पटते की दुसरी शोधायची गरज वाटत नाही. या डब्यांत पोट आहे, आतडी आहेत, मादीच्या बाबतीत पिल्लं आहेत, कारण खापरखवल्या अंडी घालत नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात, तीही थोडकीच. सगळा भार मागे आणि सगळं बळ पुढे.

खवल्यांचीही अशीच विभागणी आहे. अंगावरची खवलं अतिशय गुळगुळीत असतात आणि उजेडात धरली की त्यांवर जांभळट-हिरवट झाक फिरते. त्यांच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघांची नक्षी असते. उजेड त्या रेघांवर फुटतो म्हणून रंग दिसतात. या नक्षीमुळे ओली माती अंगाला चिकटत नाही. चिखलातून बाहेर आलेला हा साप स्वच्छ असतो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. शेपटीच्या टोकाला मात्र नेमकी उलट रचना. तिथे माती चिकटावी अशीच सोय आहे. गॅन्सने बाइक या सहकाऱ्यासोबत १९७७मध्ये खवल्यांच्या पृष्ठभागांचा हा भेद दाखवून दिला.

शेपटीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण या कुळाचं नावच तिच्यावरून पडलं आहे. थोराड खापरखवल्याची शेपटी बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी ती तिरपी छाटून टाकली आहे. छाटल्या जागी एक मोठी, गोलसर, चपटी ढाल असते, खरबरीत, बारीक काट्यांनी भरलेली. या ढालीवर माती बसते, थर साचतो आणि तिथे मातीची टोपीच तयार होते. साप बिळात पुढे जातो तेव्हा मागचं भोक या टोपीने बुजतं. पाठलाग करणाऱ्या शत्रूसमोर तेव्हा फक्त मातीने माखलेली कठीण ढाल येते. श्रीलंकेत सापच खाणारी मण्यार आहे, तिच्यासारख्या शिकाऱ्यापुढे ही ढाल कामाला येत असावी असा अभ्यासकांचा कयास आहे. जमिनीवर उघड्यावर सापडला तर हाच साप डोकं वेटोळ्यात लपवतो आणि शेपटी वर करतो. रानकोंबडा किंवा मुंगूस आधी शेपटीवर तुटून पडतो. शेपटीला जखमा झाल्या तरी जीव वाचतो.

ही सवय त्याच्या जिवावरही उठते. डोकं कुठलं आणि शेपटी कुठली हे चटकन कळत नाही अशा सापाला माणूस दुतोंड्या म्हणतो आणि दुतोंड्या म्हटला की भीती तरी वाटते, नाहीतर हाव तरी सुटते. श्रीलंकेत सिलिंड्रोफिस मॅक्युलॅटस नावाचा आणखी एक बिळात राहणारा साप आहे, १७५८मध्ये लिनियसने नाव दिलेला. तो शेपटी चपटी करून फण्यासारखी उचलतो, म्हणून सिंहलीत त्याला 'देपत नया' म्हणतात. नया म्हणजे नाग. आपल्याकडे मांडुळाच्या नावाने चाललेली अंधश्रद्धेची आणि तस्करीची बाजारपेठ तुम्हाला ठाऊक आहे. बिनविषारी, मातीत राहणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला प्राणी माणसाच्या गैरसमजाने मारला जातो. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो आणि तो मी लपवत नाही.

रत्नपुराजवळच्या एका घरी हा साप मी हाताच्या अंतरावर पाहिला. घरामागे बाग होती, तिथे घराच्या बागेला 'गेवत्त' म्हणतात. फणस, सुपारी, नारळ, केळी, त्यांच्या बुंध्यांवर चढलेले मिरीचे वेल, मधूनमधून जायफळ आणि लवंग. कोकणातली कुळागरं पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. घरच्या अक्का मिरीला घालायला पालापाचोळ्याचं जुनं खत उपसत होत्या. मुलगा आमच्यात दुभाषा. खताचा तिसरा-चौथा थर उचलला आणि खाली तो दिसला: वरून गडद तपकिरी, प्रत्येक खवल्याला फिकट कड, पोटाकडे पिवळसर, शेपटीच्या ढालीवर काळ्या मातीचा घट्ट थर. अक्कांनी कुदळ बाजूला ठेवली आणि तो उचलला. क्षणभरात त्याने त्यांच्या दोन बोटांच्या बेचक्यात नाकाड खुपसलं आणि रेटायला सुरुवात केली. अक्का म्हणाल्या, हाताला जोर जाणवतो, पण दुखत नाही. मी हात पुढे केला. बोटांमधून पुढे सरकणारं ते अंग कधी बारीक, कधी जाड होत होतं. कण्याची वळणं कातडीखाली उमटत होती. कार्ल गॅन्सचा लेख पुस्तकात वाचणं वेगळं आणि ते इंजिन आपल्या तळहातावर चालताना कळणं वेगळं.

अक्कांनी त्याला खताच्या ढिगाच्या दुसऱ्या टोकाला सोडलं आणि वर ओला पाला टाकला. 'हा असेल तिथली माती मऊ असते,' असं त्या म्हणाल्याचं मुलाने सांगितलं. त्या घरात सगळ्यांनाच हा साप ओळखीचा होता आणि त्याला मारायचं नसतं, हेही ठरलेलं होतं. शेजारच्या काही घरांत मात्र असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

नावांच्या इतिहासात मी फार वेळ घालवणार नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. १८३२मध्ये योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने या सापाचं वर्णन केलं, तेव्हा त्याला फिलिपिनस हे नाव दिलं. साप फिलिपिन्सचा आहे अशी समजूत होती. त्याआधी १८२९मध्ये क्यूव्हिये या शास्त्रज्ञाने श्रीलंकेतल्याच दुसऱ्या एका खापरखवल्याला हेच नाव दिलं होतं, त्याच समजुतीने. या कुळातला एकही साप फिलिपिन्समध्ये नाही. १८५३मध्ये केलार्ट नावाच्या डॉक्टरने, जो स्वतः श्रीलंकेत जन्मला होता आणि ज्याने त्या बेटावरच्या प्राण्यांची पहिली मोठी सूची केली, या सापाला त्याच्या खऱ्या प्रांताचं नाव दिलं. ते नाव दीडशे वर्षांहून अधिक काळ मागे पडलं होतं. २०१६मध्ये पायरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सापाला रायनोफिस या प्रजातीत घातलं, तेव्हा एकाच प्रजातीत दोन फिलिपिनस होण्याची वेळ आली आणि नियमाप्रमाणे केलार्टचं नाव पुन्हा पुढे आलं. कुठल्या मातीतून साप आला याची नोंद न ठेवता तो जहाजात घातला की काय होतं, हे यातून दिसतं. मातीपासून तोडलेल्या प्राण्याच्या नावात चुकीचा पत्ता दीड शतकाहून अधिक काळ राहिला.

आता जरा मोठा नकाशा डोळ्यांसमोर आणा. खापरखवल्या जगात फक्त दोनच ठिकाणी आहेत: दक्षिण भारतीय द्वीपकल्पाच्या डोंगरांत आणि श्रीलंकेत. आजवर साठाच्या वर जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि श्रीलंकेत त्यांपैकी सुमारे वीस. त्या वीसही जाती फक्त तिथल्याच. रायनोफिसच्या काही जाती केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांतही आहेत, पण एकही जात दोन्हीकडे सामाईक नाही.

ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भारत आणि श्रीलंका यांच्यामधला समुद्र उथळ आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, गेल्या हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होती आणि रामसेतूच्या परिसरात सलग जमीन होती. अशी सलगता आधीही अनेकदा आली. हत्ती आले, बिबट्या आला, नाग आला. मग खापरखवल्या का आले-गेले नाहीत? कारण मधली जमीन सपाट, उष्ण आणि कोरडी होती. डोंगरउतारावरची गार, ओली, कुजलेल्या पानांची माती तिथे नव्हती. समुद्र नसतानाही कोरड्या मातीचा समुद्र होता. २००४मध्ये बोसुइट, मीगसकुम्बुरा, पेथियागोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये छापलेल्या अभ्यासात हेच दिसलं. बेडूक, देवगांडूळ, गोड्या पाण्यातले मासे, खेकडे, कोळंबी आणि हे साप, अशा अनेक गटांचे वंशवृक्ष त्यांनी जनुकांवरून मांडले. दोन्हीकडच्या वंशांची फारकत जुनी निघाली; जमीन जोडलेली असतानाही ये-जा फार थोडी झाली होती.

जे बेटाचं, तेच बेटावरच्या डोंगरांचं. एका डोंगररांगेतला खापरखवल्या दरी ओलांडून पलीकडच्या रांगेत जात नाही. दरीतली माती उष्ण, कोरडी किंवा भाताची. म्हणून नकल्सच्या रांगेत वेगळे, रकवानाच्या डोंगरात वेगळे, बदुल्लाच्या बाजूला वेगळे. बदुल्लाच्या बाजूच्या एका जातीला फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने १९२१मध्ये ड्रमंड-हे या मळेवाल्याचं नाव दिलं. गेल्या काही वर्षांत, म्हणजे २००९, २०११, २०१७ आणि २०२० साली, श्रीलंकेत रायनोफिसच्या नव्या जातींची वर्णनं छापली गेली. एकविसाव्या शतकात, दाट वस्तीच्या बेटावर, नवे साप सापडतात, कारण शोध जमिनीच्या वरच झाला, आत झालाच नाही.

इथेच मला धास्ती वाटते. एका डोंगराची माती गेली तर एक जात संपू शकते. वाघाचं एक जंगल गेलं तर वाघ दुसऱ्या जंगलात जगतो. याला दुसरं जंगल नाही.

आणि श्रीलंकेच्या डोंगरांतली माती फार गेली आहे. १८३०च्या सुमारास ब्रिटिशांनी कॉफीसाठी डोंगर साफ करायला सुरुवात केली. १८६९मध्ये कॉफीवर तांबेरा पडला आणि काही दशकांत कॉफी बसली. तांबेरा पडण्याआधी दोनच वर्षं जेम्स टेलरने लूलेकोंदेरा इथे चहाची लागवड केली होती. कॉफीच्या जागी चहा आला आणि उरलेलं जंगलही त्यात गेलं. तेव्हाचा रिवाज असा, की मळ्यात तणाची काडी दिसता कामा नये. तमिळनाडूतून आणलेल्या मजुरांनी उतार खरवडून स्वच्छ ठेवायचे. उघड्या उतारावर श्रीलंकेचा पाऊस पडला आणि वरची माती नद्यांतून वाहून गेली. पिढ्यान् पिढ्या असंच चाललं. खापरखवल्याला लागते ती वरची वीत-दोन वीत माती. ती नेमकी आधी जाते.

पण चित्र सगळं काळं नाही आणि ते तसं रंगवणं खोटेपणा होईल. गॅन्सने १९७३मध्ये या सापांवर लिहिलेल्या लेखाचं शीर्षकच होतं: बदलत्या जगात तग धरून राहिलेले साप. खताच्या खड्ड्यांत, बांधांच्या मातीत, जुन्या बागांत ते टिकून असतात. त्यांना राखीव जंगलाची पाटी नको, मऊ, ओली, गांडुळांनी भरलेली माती हवी. म्हणून अक्कांची गेवत्त माझ्या लेखी एखाद्या अभयारण्याइतकी महत्त्वाची आहे. सिंहराजाच्या जंगलात १९७०च्या दशकात प्लायवूडसाठी यंत्रांनी झाडं तोडली गेली, यंत्रांच्या पट्ट्यांखाली माती दगडासारखी झाली. लोकांनी आवाज उठवला, तोड थांबली, १९७८मध्ये तिथे जीवावरण राखीव क्षेत्र झालं आणि १९८८मध्ये ते जागतिक वारसा ठरलं. पेराडेनिया विद्यापीठाच्या निमल आणि सावित्री गुणतिलके या दांपत्याने तिथल्या झाडांचा आयुष्यभर अभ्यास केला. हे फार मोठं काम आहे. पण सिंहराजाच्या सीमेबाहेरच्या चहाच्या उतारावर, मिरीच्या वेलाखाली, माती कशी ठेवायची, याचा निर्णय रोज घेतला जातो, तोही कुदळ हातात असलेल्या माणसाकडून.

त्या निर्णयात सरकारही हात घालतं. २०१५मध्ये श्रीलंकेने ग्लायफोसेट या तणनाशकावर बंदी घातली, कोरड्या भागातल्या मूत्रपिंडाच्या आजाराच्या संशयावरून. २०१८मध्ये चहा आणि रबराच्या मळ्यांपुरती ती उठवली. बंदीच्या काळात मळ्यांत तण हाताने काढावं लागलं. माणसं कमी, मजुरी जास्त, म्हणून पुन्हा खरवडणं आलं. रसायन एका बाजूने आणि कुदळ दुसऱ्या बाजूने मातीवर चालली. २०२१मध्ये रासायनिक खतांवर एका रात्रीत बंदी आली आणि काही महिन्यांत मागे घ्यावी लागली. मातीत पिढ्यान् पिढ्या जे साचतं ते एका हुकुमाने येत नाही, हे त्या वर्षी शेतकऱ्यांनी सोसून दाखवलं.

माती गेली की नुसते साप जात नाहीत. २९ ऑक्टोबर २०१४ रोजी बदुल्ला जिल्ह्यातल्या कोस्लांदाजवळ, मीरियाबेद्दा या चहामळ्यावर डोंगर खाली आला आणि मजुरांच्या चाळी मातीखाली गेल्या. पिढ्यान् पिढ्या ज्या लोकांनी तो डोंगर खरवडला, त्यांचीच घरं त्याखाली आली. खरवडायचा हुकूम त्यांनी दिलेला नव्हता. माळीण गाव डोंगराखाली गेल्याची आठवण असलेल्या महाराष्ट्राला हे दुःख समजावून सांगायला नको. तीही २०१४ सालचीच गोष्ट, तीन महिने आधीची.

आपल्या सह्याद्रीतही खापरखवल्या आहेत, म्हणून हा विषय आपल्या अंगणात येतो. एक जात मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं काम वाढवणाऱ्या फिप्सनच्या नावाने ओळखली जाते. मोठ्या खवल्यांच्या खापरखवल्याची महाबळेश्वरची उपजात आहे. भीमाशंकरच्या बाजूची एक जात, जिचं नाव पुस्तकांतून वगळलं गेलं होतं, ती २००८मध्ये गॉवर, अशोक कॅप्टन आणि ठाकूर यांनी पुन्हा स्वतंत्र जात म्हणून मांडली. २०१६मध्ये डेव्हिड गॉवर, वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि मार्क विल्किन्सन यांनी दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातल्या एका काळ्या, चकचकीत खापरखवल्याला नवी जात म्हणून नोंदवलं आणि तिला नीलिमकुमार खैरे यांचं नाव दिलं. महाराष्ट्रात सापांविषयीचा गैरसमज दूर करायला खैरे सरांनी जे केलं, त्याला हा योग्य मान आहे. आणि आपल्याकडे डोंगर खरवडायला आता मजुरांची गरज उरलेली नाही. फार्महाऊसच्या प्लॉटसाठी जेसीबी एका दिवसात अख्खा उतार उघडा करतो. गेल्या पिढ्यांनी जी माती शंभर वर्षांत घालवली असती, ती आपण एका उन्हाळ्यात घालवतो आहोत.

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी आणि पावसाळ्यात तिथे फिरायला जाणाऱ्यांसाठी आता दोन कामाच्या गोष्टी सांगतो आणि थांबतो. खतखड्डा उपसताना, बांध फोडताना खापरखवल्या निघाला तर त्याला मारू नका आणि घरीही आणू नका. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने सापांना संरक्षण आहे. ओल्या पाल्याखाली, सावलीत सोडा. उन्हात तापलेल्या जागी तो टिकत नाही. पहिल्या पावसात घाटरस्त्यांवर हे साप गाड्यांखाली येतात. मेलेला दिसला तर फोटो काढा आणि जागा, तारीख, गावाचं नाव लिहून ठेवा. फोटोत आधी शेपटीचं टोक घ्या, मग नाकाड, मग पोटाकडची बाजू. लोक बहुतेक वेळा फक्त पाठीचा फोटो काढतात आणि पाठीवरून जात ओळखता येत नाही. शेपटीची ढाल, तिचे काटे, तिचा आकार, यावरून अभ्यासक पुष्कळ काही सांगू शकतात. नोंद जवळच्या वन विभागाच्या कार्यालयात किंवा सापांचा अभ्यास करणाऱ्या माणसाकडे पोचवा, आणि जागेची नोंद शक्य तितकी नेमकी करा: कुठला उतार, कुठली वाडी, जंगल की शेत, माती काळी की तांबडी.